उरलेल्या आठ महिन्यांचा हप्ता परत घ्यावा का?

प्रश्न : वय 43. काही वर्षांपासून शुगरची गोळी चालू आहे. स्वतःचा 5 लाखांचा आरोग्य विमा घेतला त्याचं हे तिसरं वर्ष. 1 जानेवारीला 18,250 रुपये हप्ता भरला. एप्रिलमध्ये नोकरी बदलली, नवी कंपनी 5 लाखांचं ग्रुप कव्हर देते. जुनी पॉलिसी मध्येच रद्द केली तर उरलेले पैसे मिळतात म्हणे. घेऊन टाकू? (नाशिकहून एक वाचक, 1 मे)

उत्तर : मिळतात, आणि पूर्वीपेक्षा बरेच जास्त. आधी बहुतेक कंपन्या ‘शॉर्ट पिरियड’चा तक्ता पुढे करायच्या. महिना उलटला की पाव हप्ता गेला, तीन महिन्यांत निम्मा, सहा महिन्यांत पाऊण, त्यापुढे काही नाही. त्या तक्त्याने तुमच्या हातावर जेमतेम साडेचार हजार टेकवले असते. मे 2024 मध्ये आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेने हे बदललं. आता सात दिवसांची लेखी नोटीस द्यायची, चालू वर्षात क्लेम घेतलेला नसावा, की उरलेल्या दिवसांचा हप्ता त्या प्रमाणात परत. 18,250 भागिले 365, म्हणजे दिवसाला 50 रुपये. 120 दिवस झाले, नोटिशीचे 7 धरा. राहिले 238 दिवस, म्हणजे 11,900 रुपये. हप्ता जानेवारीत भरलाय, त्यामुळे जीएसटीचा घोळही नाही. वैयक्तिक आरोग्य विम्यावर तो 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य आहे.

तरीही घेऊ नका.

हिशेबात प्रत्येक दिवस 50 रुपयांचा आहे, तुमच्यासाठी तसा नाही. आधीपासूनच्या आजारासाठी तुमच्या पॉलिसीत तीन वर्षांचा वेटिंग पिरियड (त्या आजाराचा खर्च मिळत नाही तो सुरुवातीचा काळ) असेल, तर तो या 31 डिसेंबरला संपतो. म्हणजे शुगरमुळे होणाऱ्या दुखण्यांचा खर्च जानेवारीपासून मिळू लागेल. आत्ता रद्द केलीत की ही दोन वर्षं चार महिने पाण्यात. उद्या ही नोकरी सुटली की ग्रुप कव्हरही जाईल, आणि 46व्या-47व्या वर्षी तुम्ही शुगरचे रिपोर्ट घेऊन नव्या कंपनीच्या दारात. ती हप्ता चढवेल, वेटिंग पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजेल, किंवा सरळ नाही म्हणेल. शिवाय सलग 60 महिने झाले की फसवणूक सोडून इतर कारणावरून, ‘अमुक माहिती दिली नव्हती’ वगैरे म्हणत, कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. त्यातलेही जवळपास निम्मे महिने तुम्ही काढलेत.

हप्त्याचा भार वाटत असेल तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पॉलिसी पोर्ट करायचा, म्हणजे दुसऱ्या विमा कंपनीकडे न्यायचा विचार करा. नूतनीकरणाच्या निदान 45 दिवस आधी अर्ज लागतो. नवी कंपनी अर्ज नाकारू शकते, पण घेतलं तर पूर्ण केलेलं वेटिंग सोबत येतं. तोवर जुनी पॉलिसी सोडायची नाही.

आणि एचआरला एक मेल टाका : शुगर पहिल्या दिवसापासून कव्हर आहे का, खोलीच्या भाड्याला मर्यादा किती? उत्तर लेखी घ्या.