वाचकांचे प्रश्न : मोन्ते कॅसिनोचे जनरल सेंगर

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात इटलीतील मोन्ते कॅसिनो येथे दोस्त राष्ट्रांच्या सैन्याला महिनोन्‌महिने रोखून धरणारे जर्मन जनरल सेंगर हे धर्मनिष्ठ कॅथलिक आणि नाझीविरोधी होते, असे वाचले. मग ते हिटलरसाठी अखेरपर्यंत लढले कसे? आपल्या यशवंत घाडगे यांची गाठ त्यांच्याच सैन्याशी पडली होती का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : फ्रिडोलिन फॉन सेंगर उंड एटरलिन (१८९१–१९६३) ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकले होते आणि संन्यास न घेताही बेनेडिक्टाइन या कॅथलिक संन्याशांच्या संघाशी व्रताने बांधलेले होते. १९४२च्या डिसेंबरात स्टालिनग्राडच्या वेढ्यातील सैन्याला सोडवण्याच्या फसलेल्या प्रयत्नात त्यांनी १७व्या पँझर (रणगाडा) डिव्हिजनचे नेतृत्व केले. पुढच्या वर्षी कॉर्सिका बेटावरून जर्मन सैन्य माघारी नेत असताना, पकडलेल्या इटालियन अधिकाऱ्यांना गोळ्या घालण्याचा हुकूम त्यांनी पाळला नाही आणि वरिष्ठ सेनापती केसेलरिंग यांनी ते प्रकरण वाढू दिले नाही.

ऑक्टोबर १९४३ मध्ये १४वे पँझर कोअर (अनेक डिव्हिजनांचे दल) त्यांच्याकडे आले आणि ज्या संघाचे ते व्रतस्थ, त्याच संघाचा मोन्ते कॅसिनो येथील मूळ मठ त्यांच्या संरक्षणरेषेवर आला. १७ जानेवारी १९४४ रोजी ब्रिटिशांनी गारिल्यानो नदी ओलांडताच सेंगर यांनी धोका ओळखून रोमजवळच्या राखीव डिव्हिजन मागवून घेतल्या आणि फळी सावरली. पण त्यामुळे पाचच दिवसांनी दोस्त रोमजवळच्या आंझिओला उतरले, तेव्हा तो किनारा जवळपास मोकळा होता. मठात त्यांनी सैन्य ठेवले नव्हते, मोर्चे मात्र उतारांवर, मठाच्या अगदी निकट होते. १५ फेब्रुवारीला दोस्तांच्या विमानांनी मठ उद्ध्वस्त केला, तेव्हा जर्मन छत्रीधारी सैनिक त्या ढिगाऱ्यात शिरले आणि भग्न भिंतींनी त्यांना आयताच आडोसा दिला. मठाधिपती दियामारे यांना आपल्या मुख्यालयात आणून सेंगर यांनी नभोवाणीसाठी त्यांची मुलाखत घेतली; तिचा उपयोग प्रचारासाठी होणार, हे त्यांच्यासारख्या जाणत्या माणसाला कळत नसेल, असे म्हणवत नाही.

मे महिन्यात दोस्तांचा निर्णायक हल्ला सुरू झाला, तेव्हा ते आघाडीवर नव्हतेच; हिटलरच्या हस्ते पदक स्वीकारण्यासाठी जर्मनीला गेले होते. ते परतेपर्यंत फ्रेंच तुकड्यांनी औरुंची डोंगरांतून त्यांची फळी फोडली होती. नियतीने केलेली थट्टा म्हणावी, तर ही!

तेव्हा आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते असे की, त्यांचा विवेक त्यांच्या अधिकाराच्या कक्षेत जागा होता, पण राजवटीविरुद्ध बंड करण्याइतका तो पुढे गेला नाही. नाझी त्यांना आवडत नव्हते हे खरे; पण कॅसिनोला त्यांनी मिळवून दिलेले महिने हिटलरच्याच कामी आले. १९४५च्या मे महिन्यात इटलीतील शरणागतीसाठी ते अमेरिकन जनरल मार्क क्लार्क यांच्यासमोर उभे राहिले, १९४८पर्यंत ते कैदेत होते, आणि १९५० मध्ये पश्चिम जर्मनीच्या नव्या सैन्याचा आराखडा ठरवणाऱ्या हिमेरोड येथील बैठकीत ते सहभागी झाले.

घाडगे यांच्याविषयी : मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, बाकीचे साथीदार पडल्यावर एकट्याने मशीनगनच्या मोर्च्यावर चालून गेले आणि तेथेच धारातीर्थी पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सेंगर यांचे कोअर मात्र त्या दिवसांत बरेच पश्चिमेला, तोस्कानाच्या किनाऱ्याच्या बाजूला लढत होते.