चार स्थळांची वाट

प्रश्न : आईबाबांना बुद्धांच्या चारही स्थळांचं दर्शन घडवायचंय. जीवनक्रमाप्रमाणे लुंबिनीपासून सुरुवात करावी का?

उत्तर : जन्म लुंबिनीत, संबोधी बोधगयेत, पहिलं प्रवचन सारनाथला, महापरिनिर्वाण कुशीनगरला. हा क्रम मनाला पटतो, पायांना नाही! उगाच उलटसुलट हेलपाटे होतील. बोधगया, सारनाथ, कुशीनगर आणि सोनौली सीमेवरून लुंबिनी, असं जा. लुंबिनी नेपाळात आहे, तेव्हा दोघांचं मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट न विसरता घ्या.

बोधगयेत गर्दी असते, महाबोधी मंदिरात पहाटेच जा. मला विचाराल तर खरा वेळ लुंबिनीतल्या अशोकस्तंभाला द्या. बुद्ध शाक्यमुनी इथे जन्मले, असं त्यावर ब्राह्मी लिपीत कोरलंय. राज्याभिषेकानंतर वीस वर्षांनी अशोक स्वतः इथे आला, गावाचा एक कर माफ केला आणि शेतीच्या उत्पन्नातला राजाचा वाटा एक अष्टमांशावर आणला. राजाची भक्ती थेट करमाफीत उतरलेली मला फार आवडते. पुढे जागा विस्मरणात गेली. 1896 मध्ये हा लेख सापडला आणि जन्मस्थळ पक्कं झालं.

सारनाथला धामेक स्तूपाइतकंच संग्रहालयही महत्त्वाचं. आपल्या राजमुद्रेतले मूळ सिंह तिथे आहेत. शुक्रवारी मात्र ते बंद असतं.