दुपारनंतर साइट रांगायला लागते आणि रात्री मेमरी संपते

प्रश्न : नमस्कार. देवगडातल्या काही बागायतदारांसाठी हापूसच्या पेट्यांचं बुकिंग घेणारी साइट मी सांभाळतो. जावा १७, स्प्रिंग बूट, पोस्टग्रेस, सर्व्हर ४ जीबीचा, त्यातली २ जीबी हीपला, म्हणजे जावाच्या डेटाच्या मेमरीला, दिलीय. मार्चभर ठीक चाललं, पण एप्रिलात मुंबई-पुण्याच्या ऑर्डरी वाढल्या तशी दुपारनंतर साइट रांगायला लागते, लॉगमध्ये कनेक्शन मिळालं नाही, ३० सेकंदांनी टाइमआउट असं येतं आणि कधीकधी रात्री आउट ऑफ मेमरी होऊन सगळंच बसतं. रोज रात्री रीस्टार्ट मारतो. रॅम ८ जीबी केली तर सुटेल का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : रॅमचं नंतर बघू, आधी रीस्टार्टचं बोलूया, कारण रीस्टार्ट मारला की सगळा पुरावा पुसला जातो आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही परत अंदाजच लावत बसता. उद्या दुपारी साइट रांगायला लागली की तिला हात लावू नका, जेस्टॅक हे जावाचं टूल चालवून थ्रेड डंप (कुठला थ्रेड, म्हणजे कामाचा धागा, त्या क्षणी कुठे अडकलाय त्याची यादी) घ्या, दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन वेळा, आणि त्याच वेळी टॉप कमांडमध्ये जावा किती सीपीयू खातोय ते लिहून ठेवा.

सीपीयू शांत आणि डंपमध्ये ढीगभर थ्रेड हिकारीच्या (स्प्रिंग बूटमध्ये डेटाबेसची कनेक्शनं वाटणाऱ्या पूलच्या) गेटकनेक्शनवर ताटकळलेले असतील, तर दुपारचं दुखणं मेमरीचं नाही, कनेक्शनचं आहे. हिकारी पूल तुम्ही बदलला नसेल तर त्यात फक्त १० कनेक्शन असतात आणि तुमचा तो ३० सेकंदांचा टाइमआउटही त्याचाच डिफॉल्ट आहे. रिक्वेस्ट घेणारा वेब सर्व्हर टॉमकॅट मात्र २०० थ्रेडपर्यंत जातो, म्हणजे दहाजण कनेक्शन धरून बसले की बाकीचे खोळंबले, आणि खोळंबलेला प्रत्येक थ्रेड आपापला डेटा मेमरीत धरून बसतो, त्यामुळे हीपही फुगत जातो. कनेक्शन कोण धरून बसतं ते हिकारीचा लीक डिटेक्शन थ्रेशोल्ड (कनेक्शन किती वेळ परत आलं नाही की इशारा द्यायचा ती मर्यादा) १० सेकंदांवर ठेवलात की लॉगमध्ये कोडच्या ओळीसकट दिसेल. माझा पहिला संशय पेमेंट गेटवे किंवा एसएमएसच्या कॉलवर आहे. डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून बाहेरच्या सर्व्हरच्या उत्तराची वाट बघायची, हे फार ठिकाणी दिसतं. पोस्टग्रेसच्या चालू कनेक्शनांच्या यादीत, म्हणजे पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’वाल्या ओळी दिसल्या तर बहुधा तेच आहे, तो कॉल ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढा. साधं जेडीबीसी (डेटाबेसशी थेट बोलणारा कोड) कुठे लिहिलं असेल तर तिथे ट्राय-विथ-रिसोर्सेस हवंच, म्हणजे कनेक्शन आपोआप बंद होतं.

आता मेमरी. जेस्टॅट या टूलमध्ये ओल्ड जनरेशन, म्हणजे जास्त काळ टिकलेल्या डेटाचा हीपमधला भाग, बघत राहा. मेमरी भरतीसारखी वर चढते याचं काही नाही, ती चढणारच, बघायची ती ओहोटीची रेघ. फुल जीसीनंतर (जावा नको असलेला डेटा पूर्ण साफ करतो, त्यानंतर) दरवेळी ती आधीपेक्षा वरच राहत असेल तर लीक आहे, म्हणजे नको असलेला डेटा सुटतच नाहीये. रेघ तिथेच राहते आणि मधेच एकदम उसळी येते, तर एखादी रिक्वेस्ट खूप काही एका दमात उचलतेय. सीझनमध्ये कुणी अख्ख्या महिन्याच्या ऑर्डरी एक्सेलमध्ये डाउनलोड करतं का, हे जरूर विचारा! फाइंडऑलने सगळ्या ऑर्डरी लिस्टमध्ये, हायबरनेटच्या (डेटाबेसच्या ओळींचे जावा ऑब्जेक्ट करणाऱ्या लायब्ररीच्या) सेशनमध्ये त्यांची आणखी एक नोंद आणि वर अपाचे पीओआय लायब्ररीचं एक्सएसएसएफ वर्कबुक, म्हणजे एक्सेलची फाइल, पूर्ण मेमरीत, एवढ्यात २ जीबी सहज संपतात. तिथे त्याच लायब्ररीचं, ओळी डिस्कवर सोडत जाणारं एसएक्सएसएसएफ वापरा आणि ओळी तुकड्यातुकड्याने आणा. फक्त फेच साइज (एका वेळी किती ओळी आणायच्या) देऊन भागत नाही, पोस्टग्रेसचा ड्रायव्हर ऑटोकमिट (प्रत्येक क्वेरीनंतर ट्रान्झॅक्शन आपोआप पक्कं करणं) बंद असेल तरच तुकडे करतो, नाहीतर सगळा निकाल एकदम ओढतो.

रेघ खरंच चढत असेल तर हीप डंप, म्हणजे हीपची पूर्ण नक्कल, लागेल. आउट ऑफ मेमरी झाल्यावर आपोआप डंप घेणारा जेव्हीएमचा ऑप्शन आजच चालू करा आणि डिस्कवर निदान २ जीबी जागा ठेवा. फाइल एक्लिप्स मॅट या डंप तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडा, डॉमिनेटर ट्रीमध्ये (कोण किती मेमरी धरून आहे त्या यादीत) सगळ्यात वर काय बसलंय ते बघा, बहुतेक वेळा कधीच रिकामा न होणारा स्टॅटिक मॅप, स्वतः लिहिलेली कॅश किंवा साफ न केलेला थ्रेडलोकल (एका थ्रेडपुरता ठेवलेला डेटा) सापडतो. या फाइलमध्ये गिऱ्हाइकांची नावं, फोन, पत्ते जसेच्या तसे असतात, तेव्हा ती मदतीसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला पाठवू नका.

आणि ८ जीबी? खरा लीक असेल तर हीप वाढवूनही तीच आउट ऑफ मेमरी थोडी उशिरा येईल, आणि कनेक्शनचं दुखणं असेल तर रॅमने काहीच फरक पडणार नाही. थ्रेड डंप आणि थ्रेशोल्ड एवढं तरी अक्षय तृतीयेची गर्दी यायच्या आधी करून घ्या.