‘ती फक्त माझी आवड आहे’ असं तो म्हणाला

मावशी, मी चाळीसगाव तालुक्यातली, वय 26. बी. फार्म. करून नाशिकला नोकरी करते. रंगाने सावळी. पारोळ्याकडचं एक स्थळ आलंय, मुलगा अमेरिकेत अटलांटाला सॉफ्टवेअरमध्ये आहे. पत्रिका जुळली, बोलणी झाली, दिवाळीनंतर साखरपुडा करू म्हणतात. आम्ही रोज व्हिडिओ कॉलवर बोलतो. सुट्टीला घरी आले की कॉलच्या वेळी आई मला ट्यूबलाइटखाली बसवते आणि फोनचा ब्यूटी मोड चालूच ठेवायला लावते. मुलगा चांगला वाटतो. माझ्या नोकरीबद्दल आपणहून विचारतो, हुंड्याचा विषय त्यानेच त्याच्या घरी बंद केला. मागच्या आठवड्यात मी सहज विचारलं, तिकडे कधी कुणी आवडली नाही का? म्हणाला, ‘‘गोऱ्या आवडायच्या, पण घरी चाललं नसतं. काळ्या मुली मात्र मला बघवतच नाहीत. रेसिझम वगैरे काही नाही हं, फक्त आवड.’’ मग हसून म्हणाला, ‘‘तू सावळी आहेस, पण तशी काळी नाहीस.’’ तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. मैत्रीण म्हणते, कुणाला वांगं आवडत नाही तसंच हे, उगाच ताणू नको. आणि खरं सांगते, मागच्या वर्षी शहाद्याच्या एका मुलाला मीही फोटोत फार काळा दिसला म्हणून नाही म्हटलं होतं. मग मला बोलायचा काय हक्क?
– स., चाळीसगाव

पोरी,

हक्काचं आधी संपवू. तुला हक्क आहे. शहाद्याच्या मुलाला नाही म्हटलंस म्हणून आता कुणी काहीही बोललं तरी ऐकून घ्यायचं, असं कुठे लिहिलंय? फक्त एकदा शांत बसून आठव, तो फोटो पाहिल्यावर मनात पहिलं काय आलं होतं. हा चेहरा मला भावत नाही, असं आलं, की मैत्रिणी काय म्हणतील, पुढे पोरं कशी निपजतील, असं आलं? मला कळवू नको, तुझं तुला कळलं तरी पुष्कळ. पुढचं सगळं त्यावरच आहे.

मैत्रिणीचं वांगं खान्देशात चालायचं नाही. इथे भरीत न खाणाऱ्या माणसाकडे आपण संशयानेच बघतो. पण तिला एवढं विचार, वांगं न खाणारा कधी वांग्याला भाड्याने खोली नाकारतो का? की त्याला पाहून रस्ता बदलतो?

आता तुझा प्रश्न. माणसाला कोण आवडावं यावर कुणाचा हुकूम चालत नाही, आणि चालूही नये. अमुक एक बाई आवडली नाही म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. आपण किती उदार आहोत ते दाखवायला लग्न करणाऱ्याच्या वाऱ्यालाही मी तुला उभी राहू देणार नाही. पण हा मुलगा एका बाईबद्दल बोलला नाही. कोट्यवधी बायका, त्यात डॉक्टर आल्या, बसचालक आल्या, हडकुळ्या, गुबगुबीत, खळखळून हसणाऱ्या, घुम्या, सगळ्या आल्या. त्या सगळ्यांना न भेटताच त्याने एका वाक्यात निकालात काढलं. भेटण्याआधीच ठरलेल्या मताला पूर्वग्रहच म्हणतात. त्यासाठी मनात द्वेष असावाच लागतो असं नाही. भल्या माणसांच्या डोक्यातही तो सुखाने नांदतो.

आणि ही ‘आवड’ येते कुठून? आपल्याकडे स्थळाची चौकशी सुरू झाली की पहिला प्रश्न काय असतो? ‘‘पोर कशी शे? गोरी शे ना?’’ शिक्षण त्यानंतर. बायोडेटात वर्णाचा रकाना असतो आणि त्यात ‘गव्हाळ’ लिहायचं हेही ठरलेलं, मग मुलगी कशीही असो. फोटो स्टुडिओवाला न सांगता चेहरा दोन छटा उजळ करून देतो आणि आपण त्याला थँक्यू म्हणतो. वैशाखात शेतात निघालेल्या पोरीला आजी काय म्हणते ते तुझ्याही कानावर आलं असेल: ‘‘उन्हात हिंडू नको, भिलाटीतली दिसशील.’’ भिलाटी म्हणजे भिल्लांची वस्ती. या वाक्यात रंगाचं फक्त निमित्त आहे. दुसऱ्याच्या कपाशीत मजुरीने निंदायला कोण जातं आणि ओसरीच्या सावलीत कोण बसतं, याची ती उतरंड आहे. सहाव्या वर्षी कानावर पडलेलं हे सव्विसाव्या वर्षी आपल्याला आपल्या डोळ्यांची निवड वाटू लागतं. भिलाटीतल्या पोरींना हे वाक्य ऐकताना काय वाटत असेल, हा विचार तर आपल्याकडे निघतच नाही.

तो राहतो त्या देशाचंही असंच आहे, फक्त तिथे ते कायद्यातच लिहिलेलं होतं. काळ्या-गोऱ्यांच्या लग्नाला बंदी घालणारे कायदे तिथे 16 राज्यांत उरले होते आणि जॉर्जिया, म्हणजे ज्या राज्यात अटलांटा आहे ते, त्यातलंच एक. सुप्रीम कोर्टाने ते 1967 साली रद्द केले. त्या कायद्यांखाली तारुण्य गेलेली माणसं अजून हयात आहेत. तिथे कोण देखणं आणि कोण नाही हे ज्या हवेत ठरत आलं, ती हवा काही एका निकालाने बदलली नाही. ओकेक्युपिड या डेटिंग साइटने 2014 मध्ये आपल्या सभासदांची आकडेवारी मांडली, तेव्हा गोरे, आशियाई आणि लॅटिनो, तिन्ही गटांतले पुरुष काळ्या बायकांनाच सगळ्यांत कमी गुण देत होते. प्रत्येकाची आवड अगदी खासगी, अगदी स्वतःची असती, तर ती अशी एका रांगेत उभी राहिली असती का? त्याच आकडेवारीत आशियाई पुरुषांना इतर वंशांच्या बायकांकडून मिळालेले गुणही कमीच होते. हे त्याला जरूर सांग. आपल्याकडे कुणी असं एका फटक्यात पाहिलं तर तो ‘आवड आहे बिचाऱ्यांची’ म्हणून सोडून देईल का, तेही विचार.

1923 साली भगतसिंग थिंद नावाच्या पंजाबी माणसाला, अमेरिकेच्या लष्करात नोकरी केलेली असूनही, तिथल्या सुप्रीम कोर्टाने नागरिकत्व नाकारलं. कारण काय, तर सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे हा गोरा नाही. आपल्या लोकांना तिथे मोठ्या संख्येने जाता आलं ते 1965 च्या कायद्यामुळे, आणि तो कायदा झाला तो काळ्या लोकांच्या नागरी हक्क चळवळीने वातावरण तापवलं म्हणून. पारोळ्याच्या पोराला अटलांटात जागा मिळाली त्यात त्या लोकांचा वाटा आहे. ते त्याला माहीत नसेल. बहुतेकांना नसतं. आपण व्हिसाची रांग शिकतो, रांग कुणी लावली ते शिकत नाही.

बदल होतो, अगदीच होत नाही असं नाही. 2020 च्या जूनमध्ये शादी डॉट कॉमने त्वचेच्या रंगाचा फिल्टर काढून टाकला. जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाला पोलिसाने मारल्यावर अमेरिकेत लोक रस्त्यावर होते, त्याच दिवसांत तिकडच्या एका भारतीय बाईने ऑनलाइन अर्ज फिरवला होता. फिल्टर गेला. फोटो बघणारे डोळे तेच आहेत, हेही खरं.

मुलगा वाईट आहे असं मी म्हणत नाही. स्वतःच्या घरात हुंड्याचा विषय बंद करायला छाती लागते. पण मला त्याच्या पहिल्या वाक्यापेक्षा शेवटचं जास्त खुपलं. ‘तू तशी काळी नाहीस.’ म्हणजे तुला सूट दिली आहे. सूट देणारा ती कधीही काढून घेऊ शकतो. अटलांटाचा उन्हाळाही चांगला कडक असतो, तिथे चार महिने बाहेर फिरलीस की तू कुठल्या बाजूला पडशील? आणि उद्या मुलगी झाली, तुझ्याहून सावळी झाली, तर तिला कोणत्या बाजूला बसवणार?

हेच त्याला विचार. वकिलासारखी उलटतपासणी नको, नेहमीच्या गप्पांत विचार. ऑफिसात काळे सहकारी आहेत का, त्यांच्याकडे कधी जेवायला गेलास का, आपल्या मुलीच्या वर्गात सगळी तीच मुलं असली तर चालेल का? उत्तर बरोबर येतं की चूक, याचे मार्क ठेवू नकोस. ‘‘असा विचार कधी केला नव्हता’’ म्हणून तो थांबला, दोन दिवसांनी आपणहून पुन्हा त्या विषयावर आला, तर या माणसाबरोबर संसार होईल. ‘‘तू फार सेन्सिटिव्ह आहेस’’ म्हणून हसण्यावारी नेलं, किंवा ‘‘तुला पसंत केलं ना, मग?’’ असं ऐकवलं, तर मात्र समजून घे की अजून लग्न झालं नाही तोवरच तो उपकार मोजू लागला आहे.

त्याआधी ब्यूटी मोड बंद कर. आईला वाईट वाटेल, वाटू दे. तिनेही तिच्या वेळी हळद-बेसन लावून बसण्याशिवाय दुसरं काही पाहिलं नसेल, तिच्यावर रागावू नकोस. ट्यूबलाइटखालून ऊठ आणि संध्याकाळी अंगणात बसून त्याच्याशी बोल.

वडिलांना सगळं सांगत बसू नको. एवढंच सांग, की मुलगा दिवाळीला येईल तेव्हा चाळीसगावला घरी येऊ दे, दिवसाउजेडी आम्ही दोघं तासभर बोलतो, आणि साखरपुड्याची तारीख त्यानंतर धरा. हॉलला ॲडव्हान्स दिला असेल तर दिला असेल. तू कमावतेस, तेवढे पैसे तू भरून देशील.

– मावशी