गोदाघाटाचं आभासी जग बनवतोय. नाशिकचे साधे लोक त्यात यावेत यासाठी काय करावं?

डोळ्यांवर चढवायचा हेडसेट आणि डाउनलोड दोन्ही सोडा. व्हॉट्सॲपवर आलेली लिंक दाबली की फोनच्या ब्राउझरमध्ये थेट रामकुंड दिसलं पाहिजे. 2003 साली आलेल्या सेकंड लाइफ या आभासी जगाचा अनुभव हेच सांगतो. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर आणि दमदार संगणक लागायचा, आणि इतकं करून आत पोचलेला नवखा माणूस ‘आता इथे करू काय?’ म्हणत निघून जायचा. मला हे दुसरं कारण जास्त मोठं वाटतं. उलट 2006 चं रोब्लॉक्स हे ऑनलाइन खेळांचं जग साध्या फोनवरही चालतं, आणि मुलं तिथे जातात ती मित्र तिथे असतात म्हणून. म्हणून घाट चोवीस तास रिकामा उघडा ठेवू नका. संध्याकाळच्या गोदाआरतीची ठरलेली वेळ द्या, पुण्या-मुंबईतले नातेवाईक आणि पंचवटीतली आजी एकाच वेळी तिथे भेटतील असं करा. बोलणं आवाजातूनच हवं, टायपिंग नको. नाव-नोंदणी मागायचीच तर आरती बघून झाल्यावर मागा.

मात्र सिंहस्थासारखी गर्दी एकाच जागी दाखवायला जाऊ नका. शंभरेक हलत्या आकृत्यांनीच स्वस्त फोन अडखळतो, तेव्हा वीस-पंचवीस जणांचे वेगवेगळे घाट करा.