ओडिन सर्वज्ञ नव्हता, मग त्याला देव का मानायचे?

प्रश्न असा आहे: "नॉर्स पुराणांत ओडिनला ज्ञानाचा देव म्हणतात, पण त्याला स्वतःचा मृत्यूसुद्धा टाळता येत नाही. असल्या देवावर लोकांची श्रद्धा कशी बसायची? आणि आज कोणी मानतं का त्याला?"

नॉर्स म्हणजे ख्रिस्ती होण्याआधीचे स्कँडिनेव्हियातले लोक. त्यांचा ओडिन सर्वज्ञ नाहीच. असता तर मिमिरच्या ज्ञानाच्या विहिरीतलं पाणी पिण्यासाठी त्याने स्वतःचा डोळा दिला नसता. रून अक्षरं मिळावीत म्हणून भाल्याची जखम घेऊन नऊ रात्री झाडाला लटकला नसता. मेलेल्या भविष्य सांगणाऱ्या बाईला थडग्यातून उठवून तिला प्रश्न विचारले नसते. विचार आणि स्मृती असे त्याचे दोन डोमकावळे, हुगिन आणि मुनिन, रोज जगभर फिरून येतात. 'ग्रिम्निस्माल' या जुन्या काव्यात तो स्वतः म्हणतो की हुगिन परत येईल की नाही याची धास्ती वाटते, आणि मुनिनची त्याहून जास्त. या देवाने प्रत्येक गोष्ट किंमत मोजून मिळवली आहे.

"असला कसला देव" हे मी आधी तोंडावर ऐकलेलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मी नोकरीमुळे कोपनहेगनला राहतो आणि संध्याकाळच्या वर्गाला जाऊन जुनी नॉर्स भाषा शिकलो आहे. इथल्या मराठी लोकांच्या गणपतीत एका वर्षी मला एड्डा काव्यांवर, म्हणजे या देवांच्या जुन्या काव्यांवर, बोलायला सांगितलं. मी 'वाफथ्रुडनिस्माल' निवडलं, कारण त्याच्याइतकं नेमकं दुसरं काही नाही. ओडिनला वाफथ्रुडनिर नावाच्या महाज्ञानी राक्षसाशी वाद घालायचा असतो. बायको फ्रिग म्हणते, जाऊ नका. तो ऐकत नाही, नाव बदलून जातो. पैज डोक्याची. पृथ्वी कशापासून झाली, चंद्रसूर्य कुठून आले, राक्षस सगळं सांगतो. मग ओडिन विचारतो, देवांचा अंत होईल तेव्हा ओडिनचं काय होईल? राक्षस सांगतो, लांडगा त्याला गिळेल. समोर बसलेला पाहुणा हे ऐकतो आणि पुढे विचारतो, चितेवर ठेवण्याआधी ओडिन आपल्या मुलाच्या, बाल्डरच्या, कानात काय म्हणाला? इथे राक्षस हरतो. ते एका ओडिनलाच ठाऊक.

एवढं सांगून होतं न होतं, तोच पहिल्या रांगेतले एक काका उठले. मुलाकडे राहायला आले होते, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेले गृहस्थ. म्हणाले, "मरण कळलं आणि करता काहीच आलं नाही, तर ते ज्ञान काय कामाचं? आपल्याकडे ज्ञानाने माणूस मुक्त होतो. या लहान मुलांच्या गोष्टी आहेत, याला तत्त्वज्ञान म्हणू नका." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी म्हटलं, काका, गांधारीचा शाप कृष्णाला माहीत होता. यादवांचा नाश त्याने डोळ्यांदेखत पाहिला आणि शेवटी जरा नावाच्या व्याधाच्या बाणाने गेला. तो देव नाही का? काका म्हणाले, "ती लीला. तिथे इच्छा आहे, इथे लाचारी." तेवढ्यात आरती सुरू झाली आणि विषय राहून गेला. माझ्या मनातून तो अजून गेलेला नाही.

लाचार माणूस स्वतःच्या मरणाची चौकशी करायला डोकं पणाला लावून परक्याच्या घरात शिरत नाही. लांडगा गिळणार हे ठाऊक असूनही ओडिन त्या शेवटच्या लढाईसाठी वल्हालात, म्हणजे मेलेल्या वीरांच्या महालात, योद्धे जमवतो, त्यांना रोज लढवतो. जाणणं वेगळं, टाळू शकणं वेगळं, हे या काव्यांइतकं स्वच्छ फार थोड्या ठिकाणी मांडलेलं आहे. हे तत्त्वज्ञान नसेल तर कशाला म्हणायचं?

आता श्रद्धेचं. पुढच्या आठवड्यात काकांना मी आग्रहाने इथल्या राष्ट्रीय संग्रहालयात नेलं आणि ट्रेंडगार्डनचा दगडी साचा दाखवला, दहाव्या शतकातला. ख्रिस्ती क्रॉस आणि मेघगर्जनेचा जुना देव थॉर याचा हातोडा, दोन्ही एकाच साच्यात ओतता येतात. काका म्हणाले, "कारागीर धंदेवाईक होता." असेल. पण गिऱ्हाईक दोन्ही प्रकारचं होतं. आइसलँडच्या वसाहतीच्या ग्रंथात हेल्गी नावाचा माणूस आहे, तो ख्रिस्ताला मानायचा आणि समुद्रावर निघताना थॉरला हाक मारायचा. देव सर्वशक्तिमान आहे हे आधी कबूल करा, मग श्रद्धा ठेवा, असा हिशेब तिथे नव्हता. देवाशी देणंघेणं होतं, मैत्री होती, आणि म्हणून भांडणही होतं.

आइसलँडचा जुना कवी एगिल स्काल्लाग्रिमसनचं बघा. त्याचा मुलगा बोडवार समुद्रात बुडाला. एगिल दार लावून अन्नपाणी सोडून पडला. मुलगी थोरगेर्ड 'मीही तुमच्याबरोबर मरते' म्हणत आत शिरली, समुद्री शेवाळ चघळायला लावून त्याला तहान आणली आणि फसवून दूध पाजलं. मग म्हणाली, मरायचंच आहे तर आधी मुलावर कविता करा. त्या 'सोनातोरेक'मध्ये तो ओडिनला सुनावतो की तू मैत्री मोडलीस, मी काही आनंदाने तुझी पूजा करत नाही. आणि पुढे हेही मान्य करतो की भरपाई म्हणून तू मला काव्य दिलंस. ही श्रद्धा कच्ची आहे असं ज्याला म्हणायचंय त्याने आधी ती कविता पूर्ण वाचावी.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. आइसलँडने सन 1000 च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला, स्नोरी स्टुर्लुसन या आइसलँडच्या लेखकाने आपला एड्डा हा गद्य ग्रंथ साधारण 1220 मध्ये लिहिला, आणि एड्डा काव्यांची मुख्य हस्तलिखित पोथी 1270 च्या आसपासची. म्हणजे लिहिणारे सगळे ख्रिस्ती. शेतावरच्या साध्या माणसाच्या मनात काय होतं ते यातून थेट कळत नाही, आणि मी वर लिहिलंय त्यातही माझा अर्थ मिसळलेला आहे.

आज मानतात. आइसलँडमध्ये 1972 मध्ये आसात्रू, म्हणजे जुन्या देवांवर श्रद्धा ठेवणाऱ्यांचं, मंडळ स्थापन झालं, 1973 मध्ये सरकारी मान्यता मिळाली.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर सिनेमे बाजूला ठेवा. आधी 'वाफथ्रुडनिस्माल', मग एगिलची सागा, म्हणजे त्याची जुनी गद्य कथा. आणि यात तत्त्वज्ञान नाही असं कोणी सभेत म्हणालं, तर यातलं काय वाचलंय ते त्याला तिथल्या तिथे विचारा, आरतीची वेळ होण्याआधी.