मेकॅनिकल सोडून संख्याशास्त्रात बी.एस्सी. केलं, हे मुलाखतीत कसं सांगावं?

तुम्ही लिहिलंय की मेकॅनिकलची दोन वर्षं झाल्यावर इंजिनिअरिंग सोडलं, संख्याशास्त्रात बी.एस्सी. केलं, आणि आता डेटा अ‍ॅनालिस्टच्या मुलाखती सुरू होतील. मग ती दोन वर्षं सांगायची की गाळायची, आणि सांगायची तर कशी? मी पुण्यातल्या एका कंपनीत अ‍ॅनालिटिक्सचं काम बघते आणि फ्रेशर्सच्या मुलाखतींना पॅनेलवर बसते. समोर बसणाऱ्याला काय दिसतं, त्यावरून सांगते.

गाळू नका. बारावीची गुणपत्रिका आणि पदवी यांच्या सालांत पाच वर्षांचं अंतर आहे, ते बायोडेटा हातात घेतल्या घेतल्या दिसतं. कुणीतरी हमखास सुचवेल की ती दोन वर्षं गॅप दाखव, स्टॅम्प पेपरवर 'या काळात कुठेही प्रवेश घेतला नव्हता' असं प्रतिज्ञापत्र करून टाक. कृपा करून हे करू नका. ते खोटं प्रतिज्ञापत्र ठरतं, आणि नोकरी लागल्यावर होणाऱ्या कागदपत्रांच्या पडताळणीत ते उघडकीला आलं, तर हातातली नोकरी जाऊ शकते. शिवाय त्याने तुमचंच नुकसान आहे. शिक्षणातला खंड अमुक वर्षांहून जास्त नको, अशी अट बऱ्याच कंपन्या घालतात. तुमचा तर खंड पडलेलाच नाही. तुम्ही कॉलेजात होता, परीक्षा देत होता. फॉर्मवर सरळ 'बी.ई. मेकॅनिकल, दोन वर्षे, अपूर्ण' लिहा. एफ.ई., एस.ई.च्या (पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या) गुणपत्रिका आणि कॉलेज सोडल्याचा दाखला फाइलला लावून ठेवा.

आता उत्तराबद्दल. 'कोर्स का सोडला?' असं विचारताना माझ्या मनात दोनच शंका असतात. अवघड गेलं की ही व्यक्ती काम टाकून देते का? आणि आमच्याकडूनही सहा महिन्यांत जाईल का? या दोन्हींचं उत्तर कोर्स सोडण्याच्या कारणात नसतं, त्यानंतर तुम्ही काय केलंत त्यात असतं. तरी बहुतेक मुलं सगळा वेळ इंजिनिअरिंगवरच घालवतात: घरच्यांनी घातलं, कॉलेज बरोबर नव्हतं, शिकवणारे बदलत राहिले. हे खरंही असेल. बारावीला पीसीएम, मग सीईटी, मग कॅप राउंडला मिळेल ती शाखा, असेच निर्णय आपल्याकडे घरोघरी होतात. सतरा-अठराव्या वर्षी आपल्याला काय आवडतं हे कळलं नाही, यात त्या मुलांचा दोष आहे असं मला अजिबात वाटत नाही. पॅनेलवरचे निम्मे लोक स्वतः याच वाटेने आलेले असतात, म्हणूनच या भागाला एक वाक्य पुरतं.

तुमच्या प्रश्नात एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात: एम-थ्रीमधला, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरातला, स्टॅटिस्टिक्स आणि प्रोबॅबिलिटीचा भाग सोडला तर दुसऱ्या वर्षात कशातच मन रमलं नाही. उत्तर तिथूनच सुरू करा. साधारण असं:

"बारावीनंतर मेकॅनिकलला प्रवेश घेतला. दुसऱ्या वर्षी गणितात संभाव्यता आणि रिग्रेशन शिकले, आणि हाच विषय पुढे करायचा हे पक्कं झालं. तेव्हा माझे दोन विषय राहिले होते. घरी बोलून मी बी.एस्सी.ला पहिल्या वर्षापासून सुरुवात केली, तिन्ही वर्षं प्रथम श्रेणी मिळवली आणि शेवटच्या वर्षी एसटीच्या प्रवासी संख्येवर प्रकल्प केला."

एवढंच, फार तर एक मिनिट. राहिलेले विषय इथे स्वतःहून सांगितले आहेत, ते लक्षात घ्या. 'केटी होत्या का?' असं आम्ही विचारतोच. आधीच सांगून टाकलंत, तर तो प्रश्न तिथेच संपतो.

मेकॅनिकलची ती दोन वर्षं वाया गेली, असं तुमच्या तोंडून कधीही येऊ देऊ नका. चाकण, रांजणगावच्या कारखान्यांना माल पुरवणाऱ्या कंपनीत मुलाखत असेल तर तीच तुमची जमेची बाजू आहे. टॉलरन्स म्हणजे काय, मापात किती फरक चालतो, हे वर्कशॉपमध्ये हाताने शिकलेली आणि उत्पादन ठरलेल्या मर्यादेत आहे का ते दाखवणारा कंट्रोल चार्टही वाचता येणारी मुलगी त्यांना सहज मिळत नाही. हा चार्ट 1924 मध्ये वॉल्टर शुहार्ट यांनी काढला, टेलिफोनची यंत्रसामग्री बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये. आणि त्यांची डॉक्टरेट होती भौतिकशास्त्रातली! कारखाना आणि संख्याशास्त्र यांचं नातं इतकं जुनं आहे. बँकेत किंवा विमा कंपनीत मात्र हा मुद्दा ताणू नका, तिथे त्याचा फारसा उपयोग नाही.

खरी तयारी पुढच्या प्रश्नांची करा. आवड म्हणून संख्याशास्त्र घेतलं असं म्हणालात की मी लगेच त्यातलंच विचारणार. पी-व्हॅल्यू म्हणजे काय ते माझ्या आईला समजेल असं सांगा. रिग्रेशनमध्ये काय काय गृहीत धरतो? तुमच्या प्रकल्पात सणासुदीच्या गर्दीचं काय केलंत? ही उत्तरं मोकळेपणाने आली की कोर्स बदलल्याचा विषय पुन्हा निघत नाही, हे मी बघत आले आहे. ती आली नाहीत, तर वरचं उत्तर कितीही सुबक असलं तरी पाठ केलेलं वाटतं.

एखादा मुद्दाम खोदून विचारेल, "उद्या हेही आवडलं नाही तर?" दुखावून जाऊ नका, आणि आयुष्यभर इथेच राहीन असलं वचनही देऊ नका. ते कुणाला खरं वाटत नाही. सांगा की बारावीनंतर विषयाची ओळख नसताना निवड केली होती, यावेळी तीन वर्षं अभ्यास करून, त्यात काम करून मग अर्ज केला आहे. आणि तिथेच थांबा.